सांभाळायला दिलेले शब्द

आमच्या बिल्डिंगला खेटून बावीस मजल्यांचा टॉवर उभा राहू लागल्यापासून घाटकोपरच्या या कोपऱ्यातला सूर्य दुपारी दोनलाच मावळतो. तीन वाजता मी हॉलमधली ट्यूबलाइट लावायचो, साडेतीनला विद्यार्थी यायचे, आणि पाच वाजता चपला घालताना त्यांच्यातलं कुणीतरी हमखास सांगायचं, की सर, बाहेर अजून चांगलं ऊन आहे. विद्यार्थी तीन. गुणाजी, वय सत्तर, गिरणी बंद पडल्यावर वीस वर्षं वॉचमनकी करून आता घरी बसलेले. प्रेमा, ब्लाउज शिवणारी. आणि शेवंती, चार घरी पोळ्या करणारी. विषय इंग्रजी, फी नाही. शिकवणारा मी, आणि मी चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढलेली असल्यामुळे माझं इंग्रजी 'उपरोक्त विषयास अनुसरून' या जातीचं आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. त्या भाषेत माणसाला निलंबित करता येतं, त्याच्याशी बोलता येत नाही.

हा वर्ग खरं म्हणजे माझ्या बायकोचा. जयंतीने तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर तिच्या बरोबरीच्या शिक्षिका भजनी मंडळाकडे वळल्या तेव्हा हिने डोंगरावरच्या वस्तीत जाऊन मोठ्या माणसांना विचारलं, कुणाला इंग्रजी शिकायचंय का. आम्हाला मूल नाही, त्यामुळे घरात जागा होती. बुधवार आणि शनिवार. मी आतल्या खोलीत पेपर वाचत बसायचो आणि मधेमधे एखादा शेरा मारायचो, हे माझं योगदान.

तिची पद्धत अजब होती. श्रीखंडाच्या एका जुन्या डब्यात तिने चिठ्ठ्या करून ठेवल्या होत्या. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरात मराठी. दर बुधवारी प्रत्येकाला पाच-पाच चिठ्ठ्या द्यायची, पण "हे शिका" असं म्हणायची नाही. म्हणायची, "हे आठवडाभर सांभाळा. माझे आहेत. पुढच्या बुधवारी परत पाहिजेत." पुढच्या बुधवारी ज्याने त्याने आपला शब्द एका वाक्यात घालून म्हणायचा, चिठ्ठी डब्यात टाकायची, आणि जयंती प्रत्येक चिठ्ठीला "मिळाला" म्हणायची. गावाला जाताना शेजारणीकडे किल्ली ठेवून जावं आणि आल्यावर मागून घ्यावी, तसा तो सगळा व्यवहार चालायचा.

"लायब्ररी काढलीस काय शब्दांची?" मी एकदा विचारलं होतं.

"अहो, माणूस आपली वस्तू कुठेही टाकतो," ती म्हणाली. "दुसऱ्याची द्यायची असली की जपतो."

ऑक्टोबरात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय निम्मा वाचला, आणि वाचा गेली. म्हणजे आवाज होता, समजतही सगळं होतं, फक्त तोंड उघडल्यावर शब्द जागेवर नसायचा. ती कपाटात हात घालून चाचपडल्यासारखी थांबायची आणि रिकामा हात बाहेर काढावा तशी ओठ मिटायची. त्यासाठी आठवड्यातून एकदा रुचिरा नावाची मुलगी यायला लागली. अशा रुग्णांना पुन्हा बोलायला शिकवणं हे तिचं काम. तिने मला सांगितलं, "काका, मावशी जे जे शब्द आपणहून बोलतील ते लिहून ठेवा." लिहून ठेवणं हे एकच काम मला येत असल्यामुळे मी ते मनापासून केलं. नोव्हेंबरात सहा शब्द होते. डिसेंबरात वीस झाले. संक्रांतीपर्यंत बेचाळीस. बेचाळीस शब्दांत संसार करता येतो, हे मला तेव्हा कळलं. एरवी आपण उगाच बडबडतो. सकाळी जाग आली की ती म्हणायची, "अहो, खिडकी." मग मी खिडकी उघडायचो आणि टॉवरच्या हिरव्या जाळीतून येईल तेवढी हवा आत यायची.

संक्रांतीला तिघेही तिळगूळ घेऊन टीचरना बघायला आले. जयंतीचा पलंग आम्ही हॉलमध्येच आणला होता. ती त्यांच्याकडे बघून हसली, आणि मग डाव्या हाताने कपाटावरच्या डब्याकडे बोट दाखवत राहिली.

"टीचरचा डबा," शेवंती म्हणाली. तिने तो काढून जयंतीच्या मांडीवर दिला, जयंतीने तो माझ्याकडे ढकलला.

"मी?" मी म्हणालो. "माझं इंग्रजी ऐकून हे लोक आहे तेही विसरतील."

"चालंल हो सर," प्रेमा म्हणाली. "आम्हाला तरी कुठं लंडनला जायचंय?"

"माका कॅनडाक बोलाचा आसा," गुणाजी म्हणाले. त्यांचा मुलगा टोरांटोला, आणि सात वर्षांची नात इंग्रजीखेरीज काही बोलत नव्हती. दर रविवारी फोनच्या पडद्यावर ती हाय म्हणायची, हे हाय म्हणायचे, आणि मग दोघं एकमेकांकडे बघत बसायचे.

रुचिरा म्हणाली, घरात माणसांचे आवाज राहिले तर मावशींना चांगलंच आहे. अशा तऱ्हेने वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी शिक्षक झालो.

पहिल्या बुधवारी मी डब्यातून चिठ्ठ्या काढून वाटल्या. दुसऱ्या बुधवारी गुणाजींनी त्या परत करायला हात पुढे केला, तेव्हा मला तो सगळा प्रकार पोरकट वाटला आणि त्यात अर्धा तास गेला असता. कचेरीत जावकला चढलेला कागद गेला, तो परत आणून कुणी टेबलावर ठेवत नाही. मी म्हणालो, "राहू द्या तुमच्याकडेच. डबा भरलेलाच आहे."

जयंती पलंगावरून "नाही" म्हणाली. 'नाही' हा तिच्या बेचाळीसातला एक शब्द होता, आणि ती तो चहाला, औषधाला आणि टीव्हीवरच्या बातम्यांनाही म्हणत असल्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

त्या दिवशी गुणाजींना दिलेल्या नव्या चिठ्ठ्यांत एक खिडकीची होती. हे मला तेव्हा आठवायचं काहीच कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जयंतीने डोळे उघडले, "अहो" म्हणाली, आणि थांबली. खिडकीकडे बघत राहिली. मग तिने डावा हात वर केला आणि बोटाने हवेत एक चौकोन काढला.

रुचिराला सांगितलं तर ती म्हणाली, "चढउतार होतात काका. घाबरू नका." मी घाबरलो नव्हतो. मी फक्त वहीत त्या शब्दापुढे तारीख घालून एक रेघ मारली.

फेब्रुवारीत रेघा वाढल्या. 'सुई' गेली, 'दार' गेलं, 'ऊन' गेलं. एका बुधवारनंतर 'मीठ', 'तूप' आणि 'वाटी' असे तीन एकदम गेले आणि त्या दिवशी आमटी अळणी झाली आहे हे सांगण्यासाठी तिला रडावं लागलं. रुचिरा आता चढउतार म्हणत नव्हती. डोकं पुन्हा तपासून घ्या म्हणाली. तपासून घेतलं. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि सांगितलं, नवीन काहीच नाही, उलट सुधारणा आहे.

सुधारणा वर्गात मात्र होती. इतकी, की मला माझ्या शिकवण्याचा अभिमान वाटायला लागला होता. इंग्रजीचं नाव काढलं की घाम फुटणारे गुणाजी एका बुधवारी आत आले, भिंतीला टेकले आणि म्हणाले, "प्लीज ओपन द विंडो. देअर इज नो एअर."

मी हे वाक्य शिकवलं नव्हतं. मला ते येत होतं, कारण लग्नानंतर चाळीस वर्षं मी ते ऐकलं होतं. मूड चांगला असला की जयंती सकाळी मला इंग्रजीत हुकूम सोडायची. 'विंडो'मधला 'व' उच्चारताना ती ओठांचा चंबू करायची, तिला शाळेत एका ननने तसा शिकवला होता. कणकवलीकडच्या सत्तर वर्षांच्या माणसाच्या पांढऱ्या मिशीखाली मी तोच चंबू पाहिला.

"हे कुठून शिकलात?" मी विचारलं.

"नाय माहीत सर. तोंडात इला." ते आनंदाने हसले. "नात म्हणता, आजोबा, यू आर सो फनी. अर्धो तास बोललंव."

मी पलंगाकडे बघायचं टाळलं.

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी जयंतीला झोप लागल्यावर मी दोन कागद समोर ठेवले. एकावर वर्गात वाटलेल्या चिठ्ठ्या, तारीखवार. त्यांची नोंद मी सवयीने ठेवली होती. दुसऱ्यावर जयंतीचे गेलेले शब्द, तारीखवार. आवकेचा आणि जावकेचा ताळा चौतीस वर्षांत माझ्याकडे एकदाही पहिल्या फटक्यात जुळला नव्हता. हा जुळला. एकही शब्द इकडेतिकडे नाही. माझ्याकडून बुधवारी जो बाहेर गेला तो गुरुवारी तिच्याकडे नव्हता. मी कागद उलटे करून ठेवले, चहा केला, तो प्यायलो, आणि परत येऊन पुन्हा जुळवून बघितलं. आपली चूक सापडावी अशी इतकी आशा मी आयुष्यात कधी धरली नव्हती.

बेचाळीसातले नऊ उरले होते.

दुसऱ्या दिवशी मी नव्या चिठ्ठ्या वाटल्या नाहीत. "उजळणी करू," म्हणालो, "आणि टीचरच्या पद्धतीप्रमाणे जुन्या चिठ्ठ्या आता परत करायच्या." प्रेमाच्या पर्समध्ये तिच्या सगळ्या होत्या, मोबाइलच्या कव्हरात खोचलेल्या. तिने एकेक वाक्य म्हटलं आणि एकेक चिठ्ठी डब्यात टाकली, आणि मला जरा लाज वाटत असतानाही मी प्रत्येक वेळी "मिळाला" म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाचा डबा उघडताना मागून आवाज आला, "सुई." जयंती माझ्या शर्टाच्या तुटलेल्या बटणाकडे बघत होती. "सुई, दोरा," ती म्हणाली. मी वहीतली त्या शब्दापुढची रेघ खोडली.

शनिवारी प्रेमा आली ती हसतच. "सर, आमच्या म्हातारीवानी झालंय मला. काल गिऱ्हाइकासमोर उभी, आणि ते... ते नाही का, टोचतं ते..." तिने बोटांच्या चिमटीत हवा धरून वरखाली केली. "वीस वर्षं शिवते मी. आणि नावच सुचंना. मराठीतपण सुचंना. गिऱ्हाईक म्हणतं, काय वहिनी, घेतली का काय थोडी?"

गुणाजी हसले. शेवंती हसली. मग प्रेमाने पुन्हा आठवून बघितलं, पुन्हा चिमूट वरखाली केली, आणि या वेळी कुणी हसलं नाही. बुधवारी ती आली नाही, त्यानंतर कधीच नाही.

मला काय चाललंय ते कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. मी म्हणत होतो, की योगायोग आहे. आणि म्हणत म्हणतच गुणाजींकडून चिठ्ठ्या मागून घेतल्या. त्यांनी त्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर जपून ठेवल्या होत्या. "टीचरचीच ती," ते म्हणाले, "आमका थोडे दिवस वापराक दिली." खिडकी, दार, ऊन, वारा, असे सोळा शब्द त्यांनी परत केले. दुसऱ्या दिवशी जयंतीने खिडकी मागितली. नीट, स्पष्ट मागितली. फक्त तो शब्द तिने मधेच किंचित ओढला, कणकवलीकडे ओढतात तसा, पण उपाशी माणूस पोळीला चिकटलेली राख बघत नाही.

पुढच्या सोमवारी गुणाजी वर्गाचा दिवस नसताना आले आणि आत येऊन, कडी लावून दारापाशीच उभे राहिले. "काल नात बोलली," ते म्हणाले. "माका सगळा ऐकाक येयत होता." मग त्यांनी उघडा हात तोंडासमोर धरला आणि मूठ मिटली. "ती म्हणता, आजोबा, आर यू अँग्री?" त्यांना बसा म्हणायचं मला सुचलं नाही. जाताना त्यांना दाराची कडी काढता येईना, म्हणजे हाताला येत होती, पण ते तिच्याकडे अशा तऱ्हेने बघत होते, की ही वस्तू काय आहे. मी काढून दिली.

उरली शेवंती. सगळ्यांत जास्त शब्द तिच्याकडे होते, कारण ती पाचावर कधी थांबलीच नव्हती. "सर, अजून द्या ना," म्हणून दहा-दहा चिठ्ठ्या न्यायची आणि घराघरांत पोळ्या लाटताना पुटपुटायची. तिला घाई होती. पवईला ती ज्यांच्याकडे काम करायची त्यांची मुलगी सिंगापूरला होती, तिचा नवरा परदेशी, आणि दोन महिन्यांवर बाळंतपण. त्यांना घरात राहणारी, स्वयंपाक येणारी आणि इंग्रजी बोलणारी बाई हवी होती. रविवारी अकरा वाजता मोबाइलवर मुलाखत ठरली होती. शेवंतीचा नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली होती; ती आणि तिची मुलगी दिशा डोंगराच्या उतारावरच्या खोलीत राहायच्या, जिच्या पाठच्या भिंतीतून दर जुलैमध्ये माती आत यायची. दोन वर्षं तिकडे काढली की दिशाला सपाटीवर खोली, एवढं तिचं गणित होतं.

त्या गुरुवारी सकाळी जयंतीने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं. मी वाट बघितली. ती माझ्याकडे ओळखीने बघत होती, ओठ हलत होते, आणि काही येत नव्हतं. मग तिने लांबच्या माणसाला बोलवावं तशी टाळी वाजवायचा प्रयत्न केला, पण उजवा हात उठेना, म्हणून तिने डाव्या हाताने पलंगाची कड वाजवली. टक टक. मी आलो. दिवसभर ती मला तशीच बोलवत राहिली.

यादी बघितली. 'हजबंड' या शब्दाची चिठ्ठी आदल्याच दिवशी शेवंतीने डब्यातून आपणहून उचलून नेली होती, मुलाखतीत लागेल म्हणून, आणि मी नको म्हणायचं विसरलो होतो. मला त्या चिठ्ठीची मागची बाजू आठवली. जयंतीने तिथे 'नवरा' लिहिलं नव्हतं. बारीक अक्षरात 'अहो' लिहिलं होतं.

शनिवारी शेवंती एकटीच आली, नव्या साडीत. "ट्रायल आहे सर," म्हणाली. "हीच उद्या नेसायची. कशी वाटते टीचर?" जयंतीने मान हलवली. मग शेवंती खुर्चीवर ताठ बसली आणि मी काही बोलायच्या आत तिने सगळं म्हणून दाखवलं, नाव, गाव, काय काय करता येतं, मिठाचं प्रमाण, बाळाच्या अंगाला लावायचं तेल. तिच्या इंग्रजीत चुका होत्या, पण ते चालत होतं, वाहत्या नळासारखं. माझ्याच घरात, माझ्याच बायकोचा आवाज एका परक्या गळ्यातून ऐकत मी बसलो होतो.

"झकास ना सर?"

"शेवंती, चिठ्ठ्या आणल्यास?"

"त्या होय? आहेत ना." ती पिशवीत हात घालता घालता थांबली. "सर, सोमवारी दिल्या तर चालतील? उद्या एवढं होऊ द्या. एकच दिवस."

एका दिवसाने काय होणार होतं? काहीच नाही. जयंतीकडे तेव्हा जेवढे शब्द होते, तेवढेच सोमवारीही राहिले असते. आजही मला हिशेबात दुसरं उत्तर येत नाही. पण पलंगाची कड वाजली, टक टक, आणि मी म्हणालो, "नाही. आजच."

शेवंतीने माझ्याकडे बघितलं, मग जयंतीकडे. प्रेमा आणि ती एकाच गल्लीतल्या. तिला काय काय माहीत होतं, मी कधी विचारलं नाही.

"सर, माझी पोरगी त्या भिंतीला पाठ लावून झोपते," ती हळू म्हणाली.

मी डब्याचं झाकण काढलं.

"टीचरसाठी ना?" ती म्हणाली. "घ्या मग. त्यांचेच आहेत."

ती चटईवर मांडी घालून बसली आणि एकेक चिठ्ठी वाक्यात घालून डब्यात टाकू लागली. मीठ. तूप. वाटी. हात. घर. मुलगी. मी "मिळाला" म्हणत गेलो. जयंती पलंगावर डोळे मिटून पडली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. एकदा तिने मान जोरात हलवली, पण 'नाही' हा शब्द तर कधीच गेलेला होता. साठ-पासष्ट चिठ्ठ्या असतील. शेवटी शेवटी शेवंतीची वाक्यं तोकडी होत गेली, मग नुसते शब्द उरले, आणि सगळ्यांत शेवटची चिठ्ठी तिने काही न म्हणता टाकली, कारण तिच्याकडे म्हणायला काही नव्हतं. मी तिलाही "मिळाला" म्हणालो.

ती उठली. दारापाशी जाऊन बाहेरच्या चपलांकडे बघत उभी राहिली. मग माझ्याकडे वळून तिने काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं, आणि अनवाणीच जिना उतरून गेली. तिच्या चपला मी आत घेतल्या. रात्रीत त्या कुणी नेऊ नयेत एवढाच विचार होता.

रविवारी सकाळी मला जाग आली ती आवाजाने. "अहो, चहा ठेवता का? माझा घसा सुकलाय, आणि ते दार जरा लोटून घ्या, वारा येतोय." मी पलंगापाशी धावलो. जयंती उशीला टेकून बसली होती, आपणहून. तिने मला दोनदा अहो म्हटलं, तीनदा म्हटलं. चहात साखर कमी आहे म्हणाली. मला त्या साखरेवर भांडावंसं वाटत होतं, इतका मला आनंद झाला होता. मी रुचिराला फोन केला. ती फोनवरच रडली. नऊ वाजले, दहा वाजले, जयंती बोलत होती. मधेच तिने मला विचारलं, पीठ भिजवून ठेवलंय का, चार घरं व्हायची आहेत. झोपेची गुंगी असेल, मी म्हणालो. ती 'बरं' म्हणाली.

अकराला पाच मिनिटं असताना तिने कंगवा मागितला. डाव्या हाताने केस विंचरले, पदर सारखा केला, पाय पलंगाखाली सोडले आणि ताठ बसली. समोर माझी नेहमीची खुर्ची होती, रिकामी. तिने त्या खुर्चीकडे बघून हात जोडले. उजवा हात पूर्ण उठला नाही, पण उठला.

"गुड मॉर्निंग, मॅडम," ती म्हणाली.

माझा मोबाइल थरथरायला लागला. पडद्यावर दिशाचं नाव होतं.

"माय नेम इज शेवंती, मॅडम. आय कॅन कुक, आय कॅन लुक आफ्टर बेबी." आवाज जयंतीचा होता, चाळीस वर्षांचा ओळखीचा, 'व' वरचा चंबूही तिचाच. चेहऱ्यावर मात्र एक नम्र, घाईचं हसू होतं, जे मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "आय हॅव वन डॉटर. हर नेम इज दिशा."

"जयंती," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे वळून बघितलं, मधेच कुणी परका आत आला तर बघतात तसं, आणि पुन्हा खुर्चीकडे नजर नेली.

"माय हजबंड इज नो मोअर, मॅडम," ती म्हणाली.

मोबाइल थांबला आणि पुन्हा सुरू झाला. जयंती हात मांडीवर ठेवून, मान किंचित पुढे करून, पुढच्या प्रश्नाची वाट बघत होती. प्रश्न आला नाही. तिचे ओठ मिटत चालले. मिटून त्यांची ती जुनी, रिकामी रेघ होऊ लागली.

मी मोबाइल पालथा ठेवला, त्या खुर्चीत तिच्यासमोर बसलो, आणि जमेल तेवढ्या परक्या आवाजात पुढचा प्रश्न विचारला.